पहिली सहल आणि मागे राहिलेले पोर



हंगाम सुरू झाला की आपल्या या पत्रकात गाळप, उतारा, पहिली उचल, तोडणी-वाहतूक यांच्याच गोष्टी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. शेवटी आपण सारे उसाच्या कांडीवर उभे आहोत. आज मात्र आम्ही एका सहलीविषयी लिहिणार आहोत. दुसरीतल्या पोरांच्या सहलीविषयी. "त्यात लिहिण्यासारखं काय?" असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती. आमचे म्हणणे पटले तर येत्या वार्षिक सभेत हात वर करावा. न पटले तर तसे खुशाल कळवावे.

आम्ही सुरगाण्याकडचे. आमच्या भागात उसापेक्षा भात, नागली आणि खुरासणीच जास्त. पाऊस धो धो पडतो आणि दिवाळीनंतर प्यायच्या पाण्याची मारामार. पाणी उतार धरून खाली जाते, आणि पाण्यामागोमाग माणसेही खाली जातात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, कोणी गुजरातेत, कोणी उसाच्या फडात. हे तुम्हाला नवे नाही. तुमच्या बांधावर ती माणसे दरसाल दिसतात.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या नातवाच्या शाळेची सहल निघाली. पोर दुसरीत. घर सोडून एवढ्या लांब जाण्याची त्याची पहिलीच वेळ. ठिकाण ठरले मुंबई, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. तेथील मोकळ्या विज्ञान उद्यानात एक खरेखुरे लढाऊ विमान उभे आहे, ते पोरांना दाखवायचे असे गुरुजींच्या मनात होते. लहान पोरे सांभाळायला मोठी माणसे हवीत म्हणून आम्हालाही बरोबर घेतले. नाही म्हणायचे कारण नव्हते. खरे सांगायचे तर विमान जवळून आम्हीही पाहिले नव्हते.

पहाटे तीनला एसटी निघाली. सुरगाणा, बोरगाव, वणी, दिंडोरी, नाशिक, मग कसाऱ्याचा घाट. वणीपर्यंत पोरे गाणी म्हणत होती. पुढे एकेक जण गळाठला. कोणाला उलट्या, कोणाच्या हातात लिंबू, कोणी बाईंच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेले. डब्यात नागलीची भाकरी आणि चटणी, ती कोणी उघडली नाही. अडीचशे किलोमीटरांच्या वरचा प्रवास सात वर्षांच्या पोराच्या अंगाला सोसत नाही, हे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. त्यावर पुढे बोलूच.

पण उद्यानात शिरल्यावर सगळा शीण पळाला. विमान दिसताच आमचे पोर जागच्या जागी थांबले. बराच वेळ काही बोलले नाही. मग आमचा हात ओढून म्हणाले, "आजा, वर तर एवढंसं दिसतं!" आणि बोटांनी चिमणीएवढे माप दाखवले.

आम्हाला हसू आले, पण पोराचे खरे होते. त्याने आजवर विमान पाहिले ते आभाळात. त्याच्या लेखी विमान म्हणजे चिमणीएवढी वस्तू. समोर उभे होते ते आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीहून लांब. लांबचे लहान दिसते आणि जवळ गेले की खरे माप कळते, हा धडा पुस्तकात कितव्या इयत्तेत येतो ते गुरुजी जाणोत. पोराला तो तेथे उभ्या उभ्या कळला, आणि आता तो जन्मभर विसरणार नाही.

दुसरा प्रश्न त्याहून बरा होता. "पंख हलत नाहीत, मग उडतं कसं?" गुरुजींनी उत्तर तोंडाने दिले नाही. वहीचे पान फाडून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. पट्टीचे एक टोक खालच्या ओठाशी धरायचे आणि वरच्या अंगाने जोरात फुंकायचे. लोंबणारा कागद खाली न जाता वर उचलला जातो! पोरे फुंकून फुंकून लाल झाली. विमान पुढे वेगाने धावते, पंखावरून आणि पंखाखालून वारा वाहतो, आणि तो वारा पंखाला वर उचलतो. गोष्ट एवढीच. पण कागदाची पट्टी आणि समोर उभे विमान एकाच वेळी असले की ती डोक्यात शिरते. नुसत्या फळ्यावर शिरत नाही.

त्या विमानाचे नाव 'मरुत'. मरुत म्हणजे वारा. आपल्या देशात आखलेले हे पहिले जेट लढाऊ विमान. कुर्त टांक या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली ते बंगळुरात तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. १९७१ च्या युद्धात ते लढले. मात्र त्याची एक गोष्ट ऐकून आम्हाला चुटपुट लागली. विमानाचा सांगाडा उत्तम होता. तो आवाजापेक्षा जास्त वेगाने जावा अशा बेताने आखला होता. पण त्या ताकदीचे इंजिन देशाला मिळाले नाही. हाती होते त्या इंजिनावर भागवावे लागले, आणि विमानाच्या अंगात होते तेवढे बाहेर आलेच नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खोंड जातिवंत, पण वैरण अपुरी.

परतीच्या वाटेवर एसटीत बसल्या बसल्या आमच्या मनात हेच घोळत होते. कारण एसटीतली काही बाके रिकामी होती.

वर्गातली सगळी पोरे सहलीला आली नव्हती. काहींच्या घरी वर्गणी जमली नाही. सहलीची रक्कम मोठी नव्हती, पण मजुरीवर जगणाऱ्या घरात दोन-तीन दिवसांची कमाई सहलीला देणे जड जाते. आणि काही पोरे तर गावातच नव्हती. आई-बापाबरोबर ती कामावर गेली होती. त्यांत आमच्या नातवाच्या बाकावर बसणारा त्याचा जिवलग सोबती होता. तो दसऱ्यापर्यंत शाळेत होता, मग दिसेनासा झाला. त्याचे आई-बाप कोयता घेऊन तोडणीच्या टोळीत गेले होते. कोठे गेले होते? बंधूंनो, आपल्याच कारखान्याकडे. त्यांनी तोडलेला फड आपल्यापैकीच कोणाचा तरी होता. त्यांनी बांधलेल्या मोळ्या आपल्याच गव्हाणीत पडल्या.

यात कोणाचा दोष काढावा असा आमचा हेतू नाही. टोळी नसेल तर ऊस वाळेल, हे आम्हालाही कळते. आई-बाप लेकराला मागे कोणाजवळ ठेवणार, हेही कळते. पण एक गोष्ट आजवर आमच्या ध्यानात आली नव्हती, ती या सहलीने आणून दिली. शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. आपला गाळप हंगाम ऐन रंगात असतो तोही डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे तोडणी कामगाराच्या पोराची सहल दरसाल, न चुकता हुकणार. पहिलीत हुकणार, दुसरीत हुकणार, आणि सहावी-सातवीत आले की पोर स्वतःच मोळ्या बांधायला लागणार. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. साखरशाळा निघाल्या, कामाच्या गावच्या शाळेत नाव घालण्याची सोय झाली. हे सारे चांगलेच. पण हजेरीपटावर नाव लागले म्हणजे पोराला जग दिसले असे होत नाही.

पुढची गंमत ऐका. शिमगा झाला, टोळ्या परतल्या आणि तो सोबती गावात आला. आमचा नातू चार महिने त्याची वाट पाहत होता. ओट्यावर बसवून त्याने त्याला सगळे सांगितले. विमान किती मोठे असते, पत्र्याला किती खिळे असतात, पंख कसे हलत नाहीत. कागदाची पट्टी फाडून फुंकूनही दाखवली. तो पोरगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मी रोज पाहिलं. फडावरून जायचं. आधी विमान पुढं जायचं, आवाज मागून यायचा. पोट पांढरट असतं त्याचं."

नातू हिरमुसला. कारण पोट कसे असते ते त्याने पाहिलेच नव्हते, आणि आवाज मागून येतो हेही त्याला ठाऊक नव्हते. उभ्या विमानाला आवाज कोठला?

बंधूंनो, ते विमान कोठले होते ते तुम्ही ओळखले असेल. ओझरचे. जिथल्या आकाशात ही विमाने रोज घरघरतात त्याच आकाशाखाली ते पोर चार महिने पाचटात खेळत होते. आवाज आधी की विमान आधी हे त्याने आपल्या डोळ्या-कानांनी टिपले होते. पण असे का, हे त्याला सांगायला कोणी नव्हते. एका पोराला विमानाचे अंग दिसले, दुसऱ्याला त्याचा वेग दिसला. दोघांना एकाच दिवशी दोन्ही दाखवणे काही अवघड नव्हते. कारण ते पोर तेव्हा जेथे राहत होते तेथून विमानाचा कारखाना मुंबईइतका लांब नव्हता. हाकेच्या अंतरावर होता म्हणा ना!

ओझरच्या कारखान्याची कथा आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची आहे. १९६२ चे चिनी आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ साली आपल्या नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादेत, अशी वाटणी होती. ज्या माळावर कुसळे उगवत होती तेथे आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी विमाने तयार होऊ लागली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आपल्या देशात सहाशेच्या वर मिग-२१ बांधली. पुढे सुखोई आली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला आणि एक पर्व संपले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान आकाशात झेपावले.

आता विचार करा. विमाने पाहायची तर हवाई दलाचे संग्रहालय दिल्लीला पालमला आहे, ते १९६७ चे. नौदलाच्या विमानांचे संग्रहालय गोव्यात वास्कोजवळ आहे, ते १९९८ चे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे संग्रहालय बंगळुराला आहे, ते २००१ चे. आणि जेथे साठ वर्षे विमाने घडली त्या जिल्ह्यातले दुसरीचे पोर विमान पाहायला कसाऱ्याचा घाट उतरून, उलट्या करत मुंबईला जाते! ओझरचा कारखाना संरक्षण खात्याचा. हवे तेव्हा पोरांची रांग आत न्यावी अशी ती जागा नव्हे, आणि नसावीही. पण कुंपणाबाहेर, रस्त्यालगत, पोरांसाठी खुले असे संग्रहालय का होऊ नये? मिग-२१ आता निवृत्त झाले आहे. म्हातारा बैल आपण दावणीला ठेवतो, त्याने राबून घर उभे केले म्हणून. ज्या विमानाने या जिल्ह्याच्या हजारो घरांना भाकरी दिली, त्यांतले एखादे पोरांना पाहायला या मातीत उभे राहावे, ही मागणी काही फार नव्हे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, "विमान पाहून पोर काय विमान चालवणार आहे? शेवटी ऊसच लावायचा ना!" लावेना का ऊस! पण १८७८ साली अमेरिकेत एका बापाने आपल्या दोन मुलांसाठी बाजारातून एक खेळणे आणले. बुचाचे, वेळूचे आणि कागदाचे. रबराला पीळ दिला की ते भिरभिरत छताला लागायचे. धाकटा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, म्हणजे आमच्या नातवाएवढाच. खेळणे मोडले तसे त्यांनी स्वतः बनवून पाहिले. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी याच दोघा राइट बंधूंनी जगातले पहिले इंजिनाचे विमान उडवले. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि एकशे वीस फुटांचे, म्हणजे आपल्या उसाच्या एका सरीएवढे. प्रत्येक पोर राइट होत नाही, हे आम्हाला कळते. पण कोणते होईल हे आधी कोणाला कळते? बेणे लावताना प्रत्येक डोळ्याला आपण पाणी देतोच, कोणता फुटेल ते न पाहता.

शिवाय ऊस आणि विमान इतके परके राहिलेले नाहीत. पिकांवर फवारणी करण्यासाठी खास 'बसंत' नावाचे विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवले होते. १९७२ साली ते पहिल्यांदा उडाले. आज तेच काम ड्रोन करतो, आणि आपल्यापैकी काहींनी त्याने उसावर फवारणी करून घेतली आहे. उद्या तो ड्रोन चालवायला, दुरुस्त करायला आपल्याच घरचे पोर लागेल.

दुसरा आक्षेप पैशांचा. "आधीच टनामागे कपाती कमी आहेत काय?" रास्त बोलणे आहे. म्हणून आम्ही नवी कपात सुचवत नाही. सभेने मंजूर केलेल्या शैक्षणिक कामाच्या रकमेतूनच हे व्हावे. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. कारखाना-स्थळापासून ओझर-नाशिकची एका दिवसाची सहल, दुपारचे जेवण आपल्याच भोजनालयाचे. एका गाडीचा खर्च काढून पाहा. स्वागत-सत्काराच्या हार-तुऱ्यांत याहून जास्त जातो, हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. "टोळीच्या पोरांचं आपण का करायचं? ती काय सभासदांची पोरं आहेत?" याला उत्तर एवढेच की आपले आजे-पणजेही एके काळी कोणाचेच कोणी नव्हते. साखर कारखाना म्हणजे शेठ-सावकारांचा धंदा, शेतकऱ्याने त्यात पडू नये, असेच लोक म्हणत होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा करून दाखवला आणि १९५० च्या सुमारास त्याची चाके फिरली, तेव्हा आपल्यासारख्यांना कळले की हेही आपल्याला जमते. कोणीतरी आधी दाखवावे लागते. आपल्याला दाखवणारे भेटले. आता आपण दाखवणारे व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. सहकार म्हणजे केवळ भागधारकाच्या खिशापुरता नव्हे. ज्याच्या कोयत्यावर आपले गाळप चालते, त्याचे पोर कोपीत आणि आपले पोर सहलीत, हे सहकाराच्या कोणत्या कलमात बसते?

तेव्हा आम्ही सभेपुढे तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, येत्या हंगामापासून टोळ्यांबरोबर आलेल्या लहान मुलांची एक दिवसाची सहल कारखान्याने जवळच्या शाळेच्या मदतीने काढावी, आणि त्याच गाडीत सभासदांची पोरेही बसवावीत. गाडी वेगळी, डबा वेगळा असे करू नये. दुसरी, आपल्या कार्यक्षेत्रातील पहिली-दुसरीच्या कोणत्याही पोराची सहल वर्गणीपायी राहू नये. मुख्याध्यापकांनी नुसती चिठ्ठी पाठवावी, पोराचे नाव चारचौघांत पुकारू नये. तिसरी, ओझरजवळ मुलांसाठी खुले विमान-संग्रहालय व्हावे असा ठराव आपण करावा, आणि जिल्ह्यातल्या इतर सहकारी संस्थांना तसाच ठराव करायला सांगावे. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. पन्नास संस्थांचा ठराव टोपलीत मावत नाही. गाव करील ते राव काय करील!

एक सूचना शाळांनाही. इतक्या लहान पोरांना एका दिवसात मुंबईला नेऊन आणू नये. पहिली सहल जवळची असावी, थोडकी असावी, पोर जागे असताना निघावी आणि झोपायच्या आत घरी पोचावी. जवळ दाखवण्यासारखे नसेल तर ते जवळ आणावे, म्हणून तर हा सारा खटाटोप.

आता दसरा झाला की तो सोबती पुन्हा टोळीबरोबर खाली येईल. आमच्या नातवाने त्याला एक काम सांगून ठेवले आहे. आवाज मागून का येतो ते कोणाला तरी विचारून यायचे. आम्ही नातवाला सांगितले की, विमान आवाजाच्या जवळपास वेगाने पळते, आवाजाला आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर विमान पुढे निघून गेलेले असते. त्याला पटले. पण तो म्हणतो, "तुम्ही नका सांगू त्याला. त्याला तिथं कोणीतरी सांगू दे."

तिथे, म्हणजे आपल्याकडे. फडात, कारखान्यावर, आपल्या बांधावर. ते कोणीतरी आपल्यापैकी व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.